फरशीखालचं मीठ

मीठ ओढण्याचा आवाज मी लहानपणी ऐकलेला, खर्र असा लांबत येई, कडेला पोचला की थांबे, मग पुन्हा खर्र. लांब दांड्याची फळी धरून बाबा मिठागरात उलटे चालत जात आणि त्या आवाजावर मला बांधावरच झोप लागे. पुढे दिवा गावात घरांवर घरं उठली, आमच्या आगरावर भराव पडला, आणि त्याच जागेवर मी ही बैठी चाळ बांधली.

इथे दारू सोडलेली, मनाच्या दवाखान्यातून परतलेली माणसं थोड्या भाड्यात राहतात. दारांना आतून कडी नाही, आणि सकाळी चहाबरोबर प्रत्येकाने माझ्यासमोर गोळी गिळून आ करून दाखवायचा, एवढाच कायदा. "नीट उघड रे तोंड, काल खाल्लेलं वांगं दिसलं पाहिजे," असं आमच्या भीमाबाई, स्वतः गोळ्या घेणाऱ्या, सगळ्यांना दरडावत.

साईनाथ शिंपी, जत तालुक्यातला. कानात आवाज येत म्हणून आधी दवाखान्यात राहून आलेला. ही माणसं आमच्याकडे धाडणाऱ्या संस्थेच्या दर्शनाबाईंनी त्याच्या मुलीला, रुचिताला, सांगून ठेवलं होतं, की दिवाळीपर्यंत आवाज आले नाहीत तर वडिलांना घरी न्या, आले तर परत दवाखाना. तो मशीनवर नातीची झबली शिवत दिवाळीची वाट बघत होता.

एका सकाळी तो चहाला आला नाही. मी गेलो, तर खाटेवर पाय वर घेऊन बसलेला.

"राघोकाका, फरशीखाली कोनतरी वडतंय बगा."

"काय ओढतंय?"

तो उतरला, कमरेत वाकला, हातात नसलेला दांडा धरला आणि उलटा चालत गेला. भिंतीपाशी पोचल्यावर त्याने मनगट जरासं वळवलं, माझे बाबा वळवायचे तसं. या माणसाने खाडीसुद्धा धड पाहिली नव्हती.

मी गुडघ्यांवर बसून फरशीला कान लावला. बराच वेळ तसाच राहिलो.

"बाईंना बोलायचं नाही," मी उठत म्हटलं. "आजपासून तू माझ्या खोलीत. इथे मी."

"तुमास्नी बी आलं ऐकू?"

"मशीन उचल तुझं."

माझ्या खोलीत साईनाथला शांत झोप लागू लागली, तो भीमाबाईंशी भांडायलाही लागला. इकडे सकाळी फरशीच्या सांध्यांत पांढरी रेघ दिसे, ती मी ओल्या फडक्याने पुसून मगच दार उघडी. दर्शनाबाईंनी विचारलं, "काका, खोल्या का बदलल्या?" मी म्हटलं, त्याला शिवायला उजेड लागतो. आधी साईनाथला घरी धाडायचं, मग माझं काय ते बघू, एवढं मी ठरवलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर रुचिता रिक्षा घेऊन आली. दर्शनाबाई आल्या, भीमाबाईंनी चिवड्याची पिशवी दिली. साईनाथ नवा सदरा घालून माझ्या पाया पडायला वाकला.

त्याचे हात माझ्या पावलांवर राहिले. मी नुकतीच आंघोळ करून आलो होतो. तो सावकाश उठला, बोटांना लागलेलं पांढरं चोळून बघितलं, एक बोट जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काय झालं, साईनाथ?" दर्शनाबाईंनी विचारलं.

त्याने नव्या सदऱ्याला बोटं पुसली, शिवणयंत्र उचललं, आणि रिक्षाकडे चालू लागला.