पितळेवरचं दुसरं नाव

वसुंधराने मेणावर ‘विनिता’चा शेवटचा काना कोरला, फुंकरीने भुगा उडवला आणि पितळी पाटी ॲसिडच्या ट्रेमध्ये अलगद सोडली. वरच्या ओळीतलं श्रीरंगकाकांचं जुनं नाव मेणाखाली झाकलेलं होतं.

काका ट्रेवर वाकले.

“काहीच होत नाहीये.”

“होतंय, काका. बारीक बुडबुडे दिसतायत ना?”

“पाणी जास्त झालंय का? थोडं ॲसिड वाढवा की.”

“वाढवलं तर फसफसेल, अर्ध्या तासात नाव खोल. पण मेणाखालीही शिरतं मेलं. अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. लोकांना वाटेल, घरात उंदीर पाळलेत.”

काका हसले नाहीत. गोखिवऱ्याच्या या गाळ्यात ते सकाळीच आले होते, दारावरची पाटी स्क्रूसकट पिशवीत घालून.

“मुलगी संध्याकाळी गास गावाला जाणारे,” ते म्हणाले. “भाड्याच्या खोलीची किल्ली आणायला. नवऱ्याचं घर सोडल्यापासून आमच्याकडेच आहे. काल म्हणाली, बाबा, पाहुण्यासारखं किती दिवस राहू?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“चहा घेतेस का, म्हणालो.”

वसुंधराने पिसाने अक्षरांवरचे बुडबुडे बाजूला सारले. आडनाव कोणतं घालू, असं तिने सकाळी विचारलं होतं, तेव्हा काका बराच वेळ घड्याळाचा पट्टा काढत-घालत बसले होते. मग म्हणाले होते, नुसतं विनिता.

तिने कोपऱ्यातली बाटली उचलली.

“संध्याकाळ होईल असंच ठेवलं तर. तुमची पाटी, तुम्ही सांगा. वाढवू?”

काकांनी ट्रेकडे पाहिलं. पाण्याला जेमतेम निळसर झाक आली होती. ‘वि’ची वेलांटी नुकती कुठे खाली बसू लागली होती.

“नको,” ते म्हणाले. “तिचं नाव आहे. नीट होऊ दे.”

मग खिशातून फोन काढून त्यांनी नंबर लावला.

“विनू, ऑफिसातून थेट गासला जाऊ नकोस. आधी गोखिवऱ्याला ये... हो, दारावरची पाटी मीच काढली. पॉलिशला आणलीय... नाही गं, एकट्याला नाही झेपायची मला. फार जड आहे. धरायला तू हवीस.”

फोन ठेवून ते रस्त्याकडे बघत राहिले. वसुंधराने ट्रेमधल्या वीतभर पाटीकडे पाहिलं, मग आतली दुसरी खुर्ची आणली, पदराने पुसली आणि काकांच्या शेजारी ठेवली.