गेटजवळचे अडथळे

हॉस्पिटलच्या गेटजवळ आई बसते. बॅगांच्या चेन बदलते, तुटलेले पट्टे शिवते. शाळा सोडल्यापासून मीही तिथेच. दोऱ्याला मेण लावते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांशी भांडते.

त्या दिवशी नगरपालिकेची गाडी भोंगा लावून आली. आवाज ऐकताच आईचा हात थांबला. "अगं, हा तर आपला दादा!" शेजारच्या चहावाल्यालाही ऐकवलं तिने, "माझा मोठा. कसा खणखणीत बोलतो बघा."

भोंगा म्हणत होता, "रुग्णालयासमोरील अडथळे सोमवारी हटवण्यात येतील. नागरिकांनी सहकार्य करावे."

"कसले अडथळे गं?"

मी दोऱ्याला मेण लावत राहिले. चहावाल्यानेच सांगितलं, "आपण, ताई."

आई हसली. "छे! तो असं कशाला बोलेल?"

गाडी रोज फिरायला लागली. जिची पर्स आईने कितीदा फुकट शिवून दिली, ती नर्स आमच्यासमोरच मैत्रिणीला म्हणाली, "बरं झालं बाई, अडथळे जातायत. नाहीतर स्ट्रेचर न्यायचं कुठून?"

स्ट्रेचर मागच्या दाराने नेतात. तीच तर ढकलते.

संध्याकाळी दादा घरी आला. मी दारातच गाठलं. "कागद त्यांनी दिला, तू नुसता वाचलास. हो ना?"

हो म्हण, हो म्हण, असं चाललं होतं माझं मनात.

तो बूट काढत म्हणाला, "कागदावर 'दुरुस्तीवाले, चहावाले' होतं. तसं म्हटलं की लोक हळहळतात, अर्ज घेऊन येतात. मी म्हटलं, साहेब, अडथळे म्हणा. साहेब खूश."

"आई बसते तिथे!"

"ओरडू नको, तडतडी. मला कायम करणार आहेत. मग आईला बसायची गरजच काय?"

आई पाणी घेऊन मागेच उभी होती. पेला तिने त्याच्या हातात दिला.

माझं डोकं फिरलं. मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला. "कर रेकॉर्ड. 'माझ्या आईला सोमवारी हटवण्यात येईल.' त्याच आवाजात."

"वेडी आहेस का?"

"बोल की! नागरिक सहकार्य करतील."

त्याने आईकडे बघितलं. घसा खाकरला. शब्द काही फुटला नाही. मला वाटलं, चला, जिंकले.

सोमवारी सकाळी भोंगा आला. तोच आवाज, तसाच खणखणीत. आई टोचा, मेण, दोरा पिशवीत भरत होती. आवाज कुणाचा, ते यावेळी तिने कुणालाच सांगितलं नाही.