तीन पितळी खुंट्या

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि माझ्या पोटात एक दिवा आहे. एवढ्यावरून तुम्हाला फारसे काही कळणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या जातीच्या पेट्या आता सहसा दिसत नाहीत. शिवाय मला गोष्ट सांगायची सवय नाही. माझे काम गप्प राहून उजेड देण्याचे. तेव्हा सांगताना काही मागेपुढे झाले, तर सांभाळून घ्या.

मला लाइट बॉक्स म्हणतात. मी पुढच्या बाजूला थोडी उतरती आहे. वर दुधी काच, काचेखाली हातभर लांबीची ट्यूब, आणि काचेच्या खालच्या कडेला तीन पितळी खुंट्या. मधली गोल, बाजूच्या दोन चपट्या. मला एका सुताराने बनवले. जिच्यासाठी बनवले, ती तेव्हा तरुण होती आणि रोज येऊन त्याच्या डोक्यावर बसायची.

"काका, बाकी पेटी वेडीवाकडी झाली तरी चालेल. खुंट्या केसभरही हलता कामा नयेत."

"अहो बाई, खुंट्याच त्या. हत्ती बांधायचाय का?"

"हत्ती असता तर एवढं सांगितलं नसतं!"

सुतार हसला, पण त्या तीन खुंट्यांना त्याने अख्खा दिवस दिला. पुढे त्या बाईला घरातले सगळे आत्या म्हणू लागले, म्हणून मीही आत्याच म्हणते.

आत्या कार्टूनपटांसाठी चित्रे काढायची. एका सेकंदाला बारा चित्रे लागतात. प्रत्येक कागदाला खालच्या कडेला तीन भोके असतात. पहिला कागद खुंट्यांत अडकवायचा, त्यावर दुसरा कोरा कागद अडकवायचा आणि माझा दिवा लावायचा. मग खालचे चित्र वरच्या कागदातून दिसते. खाली पाऊल जमिनीवर असेल, तर वर ते जरासे उचललेले काढायचे. असे कागदावर कागद चढत जातात आणि माणूस चालू लागतो. मात्र सगळे कागद त्याच तीन खुंट्यांत बसले पाहिजेत. एखादा केसभर सरकला, तरी पडद्यावरचे माणूस हीव भरल्यासारखे कापते.

ती काम करायची तिथे एका लांबट खोलीत माझ्यासारख्या चौदा पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या. तिथले मुख्य चित्रकार एकदा आत्याचे कागद फडफडवत म्हणाले होते, "हिची माणसं जमिनीवर चालतात. तुमची सगळ्यांची तरंगतात." त्या दिवशी आत्या घरी जाताना माझी काच दोनदा पुसून गेली. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे कौतुक. तसे ते माझे नव्हतेच, पण मी थोडे माझ्याकडे ठेवून घेतले.

मग संगणक आले. पेट्या एकेक करून उचलल्या गेल्या. आत्याने आठवडाभर माउस हातात धरून पाहिला आणि म्हणाली, "हाताला कागद लागल्याशिवाय मला सुचतच नाही." ती मला घरी घेऊन आली. काही दिवस मी खिडकीशी होते, नंतर खाटेखाली गेले. माझ्यावर जुने बूट आले, बुटांवर घोंगडी आली. अशी अकरा वर्षे गेली. अंधारात माणसाला काय वाटते ते मला माहीत नाही. मला आपले वाटायचे, कुणी निदान बूट तरी उचलावेत.

त्या घरात तीन माणसे होती. आत्या, तिचा धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी. ती लहानपणापासून एका जागी बसत नसे, म्हणून तिला खारू म्हणायचे. खारूचे बाबा पुस्तकबांधणीचे काम करत. फाटकी पुस्तके शिवायची, कडा कापून सरळ करायच्या, पुठ्ठा चढवायचा. त्यांना सुटा कागद बघवत नसे. आत्या चिडवायची, "याच्यापुढे कुणी पत्र वाचू नका रे. कागद दिसला की याचे हात शिवशिवतात!"

खारूला विद्यापीठात कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशनची पदवी घ्यायची होती. तिचा अर्ज निवडला गेला होता, पण जागा पक्की नव्हती. त्यांनी तयारीची यादी पाठवली होती. हा प्रोग्रॅम शिकून या, तो सराव करून या. यादीत सर्वांत खाली लिहिले होते: जिवंत माणसाकडे पाहून, हाताने, कागदावर काढलेला वीस सेकंदांचा चालण्याचा चित्रपट अमुक तारखेच्या आत पाठवावा. त्यानंतर मुलाखत, आणि मग जागा.

"हातानं?" खारू वैतागली. "शिकवणार कॉम्प्युटरवर आणि मागतायत हातानं?"

आत्या खाटेवर पडून होती. ती म्हणाली, "खाली वाक आणि ते बूट काढ."

मित्रांनो, त्या दिवशी माझी ट्यूब तीनदा फडफडली आणि लागली. मला रडता येत नाही म्हणून ते तेवढ्यावर भागले.

वीस सेकंद म्हणजे दोनशे चाळीस चित्रे. खारूने आत्यालाच चालायला लावले. खुर्चीतून उठायचे आणि खिडकीपाशी जायचे. सात पावले. आत्याचे गुडघे गेले होते. ती भिंतीला न धरता चालायची, आणि पोचली की खिडकीची चौकट घट्ट पकडायची.

"पुरे ग आत्या, दुखेल तुला."

"दुखू दे. तू नीट बघ. उजवा गुडघा वजन घ्यायला तयार नाही, म्हणून खांदा आधी पुढे जातो. पाय काढू नकोस. ती टाळाटाळ काढ."

आत्याचा एक नियम होता. प्रत्येक कागदाच्या वरच्या दोन कोपऱ्यांत बारीक फुली मारायची, सगळ्या कागदांवर एकाच जागी. खारूला तो जाच वाटायचा.

"खुंट्या आहेत ना? मग फुल्या कशाला?"

"उद्या भोक फाटलं तर? फुलीवर फुली बसवता येते. खुंटीवर भरवसा ठेव, पण फुली मार."

"तू पण ना!" खारू म्हणायची आणि फुली मारायची, कारण आत्या कागद तपासायची.

एकशे पन्नास चित्रे झाली आणि आत्या आजारी पडली. दवाखान्यात नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी बाबा एकटेच परत आले. तिचा चष्मा त्यांच्या वरच्या खिशात होता. तो त्यांनी माझ्या काचेवर ठेवला, आणि नंतर तिथे नको असे वाटून उचलला.

उरलेली नव्वद चित्रे खारूने आठवून काढली. समोरची खुर्ची रिकामी असायची. ती मधेच उठून स्वतःच सात पावले चालून बघायची, पण तिचे गुडघे चांगले होते, तिला ते जमेना. तरी काढली. फुल्या मारल्या नाहीत. तपासायला कुणी नव्हते. मला दिसत होते, पण मी पेटी. मी काय बोलणार?

चित्रे पूर्ण झाली. आता प्रत्येकाचा फोटो काढायचा आणि ते फोटो संगणकात एकामागे एक जोडायचे. उजेड बदलू नये म्हणून सगळे फोटो एकाच बैठकीत काढायचे, हाही आत्याचाच नियम. शेवटच्या तारखेला पाच दिवस होते. खारू शाळेचे दाखले आणायला दिवसभर बाहेर गेली, फोटो दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवून.

बाबा खोलीत आले. गठ्ठ्यापाशी बराच वेळ उभे राहिले. बहीण गेल्यापासून ते या खोलीत थांबत नसत. त्यांनी वरचे चित्र हातात घेतले, खालच्या कडेच्या भोकांवरून बोट फिरवले, आणि सगळा गठ्ठा छातीशी धरून कामावर घेऊन गेले.

संध्याकाळी त्यांनी खारूच्या हातात एक पुस्तक ठेवले. राखाडी कापडाची बांधणी, गोल पाठ, सुबक कोपरे. "तुझ्या कॉलेजात न्यायला," ते म्हणाले. "सुटे कागद काय न्यायचे? ताईचं आहे म्हणून चांगलं कापड घातलं."

खारूने कडेवर अंगठा ठेवून पाने सोडली. पानांच्या फडफडीत आत्या खुर्चीतून उठली, खांदा पुढे टाकत चालली आणि खिडकीपाशी पोचली. खारू हसली. आत्या गेल्यानंतर पहिल्यांदाच हसली. मग तिचे बोट पानाच्या खालच्या कडेवर गेले. ती कड आरशासारखी गुळगुळीत होती.

"बाबा, भोकं?"

"काढली की. किती घाण दिसत होती! सगळा गठ्ठा ठोकून एकदम कापला, एक पान मागेपुढे नाही बघ."

खारूने पुस्तक उघडून एक पान माझ्यावर आणून धरले, जिथे भोके असायची तिथे, माझ्या तीन खुंट्यांवर. कागद खुंट्यांवरून घसरला. बाबांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांना चित्रपटातले काही कळत नव्हते, पण कागद कळत होता.

त्यांनी स्वतःच ती शिवण उसवली. इतक्या हलक्या हाताने उसवली की एकही पान दुखावले नाही. पहिल्या दीडशे चित्रांना फुल्या होत्या. खारूने संगणकात फुलीवर फुली बसवली, आणि आत्या ठाम पावले टाकत चालली. एकशे एक्कावन्नपासून मात्र काही धरायला नव्हते. कापलेल्या कडा एकावर एक जुळवून कागद बसवले, पण प्रत्येक कागदाला भोके हाताने पाडलेली, कुठे केसभर वर, कुठे खाली. तो फरक कापलेल्या पट्टीबरोबर गेला होता. खारूने पाऊल जुळवले की डोके हलायचे, डोके जुळवले की पाऊल. शेवटचे साडेसात सेकंद आत्या थरथर कापत होती.

बाबा कापलेल्या पट्ट्या शोधायला निघाले. त्या रद्दीत गेल्या होत्या. रद्दीवाल्याने गोण्या दाखवल्या आणि म्हणाला, "घ्या हुडकून. पण लोक नोटा हुडकतात, तुम्ही भोकं हुडकताय!" बाबा एक गोणी पाठीवर घेऊन आले. तीत दोनशे एकतीस पट्ट्या सापडल्या. प्रत्येकीला तीन भोके, आणि कोणती कोणत्या चित्राची, ते एकीवरही लिहिलेले नव्हते. चित्रांचे आकडे कागदांच्या वरच्या कडेला होते.

तारीख आली. खारूने चित्रपट तसाच पाठवला.

मुलाखत लॅपटॉपवर होती. लॅपटॉप चेहऱ्यासमोर यावा म्हणून तिने तो माझ्यावर ठेवला, त्यामुळे मी सगळे ऐकले. बाबा दाराआड उभे होते. पलीकडच्या शिक्षिका म्हणाल्या, "शेवटचा भाग मला फार आवडला. खिडकीशी जाता जाता ती थरथरायला लागते. हे तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

फक्त हो म्हणायचे होते. मलासुद्धा वाटले, म्हण हो. दाराआडचा श्वास थांबला होता.

"नाही मॅडम," खारू म्हणाली. "ती चूक आहे. भोकांची कड कापली गेली."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून. आणि मला फुल्या मारायला सांगितलं होतं, त्याही मी मारल्या नाहीत."

"बरं," एवढेच म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

नंतर बाबा आत आले. "माझं नाव का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आमच्या बाबांना कागद दिसला की हात शिवशिवतात?"

बाबांनी हसायचा प्रयत्न केला. त्यांना ते जमले नाही, आणि मग खारूलाही जमले नाही.

आठ दिवसांनी जागा मिळाल्याचे पत्र आले. ती थरथर उपयोगी पडली की खारूचे ते "नाही मॅडम", मला सांगता येणार नाही. खारूने कपडे भरले, लॅपटॉप भरला. जाताना माझ्या काचेवर हात ठेवून म्हणाली, "हिला नेता येणार नाही, बाबा. तिथे सगळं पडद्यावर असतं." तिचे म्हणणे बरोबर होते. मी जड आहे.

आता घरात बाबा एकटेच असतात. सुटीच्या दिवशी दुपारी ते माझा दिवा लावतात. ट्यूब विझत विझत लागते. तेवढ्या लांबीची नवी ट्यूब त्यांना कोणत्याच दुकानात मिळाली नाही. मग ते एक पट्टी खुंट्यांत अडकवतात, तिच्या कडेला खारूचा कागद भिडवतात, वर पुढचा कागद धरतात, आणि आत्या हलते का ते बघतात. मग पट्टी काढतात. "ही नव्हे, ताई," असे हळूच म्हणतात आणि दुसरी घेतात. खारूला जागा मिळाली आहे, चित्रपट पाठवून झाला आहे, हे त्यांनाही कळते.

मित्रांनो, मला फार मोठे शहाणपण नाही. तुमच्याकडून एवढेच मागते, की दुसऱ्याचा कागद नीटनेटका करण्याआधी त्याला विचारा. तुम्हाला जे भोक घाण दिसते, त्यात कदाचित त्याचे माणूस अडकवलेले असेल. आणि कुणी तुम्हाला फुली मारायला सांगितली, तर तपासणारे माणूस गेल्यावरही मारा.

ट्यूब आहे तोवर मी उजेड देत राहीन. बाबा अजून एकशे एक्कावन्नाव्या चित्रावरच आहेत.