मला पुसायला रात्र लागते

“काका, आम्ही डिलीट केलेलं तुम्हाला दिसतं का हो?”

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या काकांना हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी एका मुलीशी पैज लावली होती. काका म्हणजे तिरसटपणाचा कळस! तरी तिने विचारलंच. दुकानाच्या दारात दोघी तोंड दाबून हसत होत्या. मी मात्र काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये धास्तावून बसले होते. मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे.

जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव, अशा कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या बसवल्या आणि मला घट्ट बंद केलं. मग मी या मुलीच्या घरी आले. तिची आई कपडे शिवते. ट्रायलच्या वेळी ती गिऱ्हाइकांचे फोटो काढायची. अर्धवट शिवलेले कपडे, जागोजागी टाचण्या, कुठे गळा उतरलेला. “फिटिंग बघायला काढते हं, बाहेर जाणार नाही,” असं ती प्रत्येकीला सांगायची. ते सगळे फोटो माझ्याकडे. सुरुवातीला माझं काय कौतुक! “केवढं मावतं हिच्यात!” पुढे मी कुरकुर करू लागले आणि कौतुकाच्या जागी बोलणी आली.

शेवटी तिने आणि आई-बाबांनी मला कॉम्प्युटरसकट या दुकानात विकायला आणलं. “फॉरमॅट केलंय मी. दोन मिनिटांत चकाचक!” बाबा ऐटीत म्हणाले. कॉम्प्युटर घेणारे गृहस्थ शेजारीच उभे होते. त्यांना परगावी जायचं होतं. हा व्यवहार झाला की तिला लॅपटॉप मिळणार होता. वर्षभर तिने त्याचाच जप लावला होता.

पण मित्रांनो, असं घाईत पुसलं की माझी फक्त अनुक्रमणिका जाते, पानं तशीच राहतात! खरंच पुसायचं तर माझ्या प्रत्येक जागेवर नव्याने काहीतरी लिहावं लागतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि मी पडले मोठी, त्यात म्हातारी.

काका तिच्यावर खेकसले नाहीत. त्यांनी काही बटणं दाबली. थोड्या वेळाने पडद्यावर एक फोटो उमटला. काकांनी झटकन पडदा वळवला, पण आईला दिसायचं ते दिसलं.

“अगं बाई! या तर समोरच्या वहिनी!”

“नीट पुसायला उद्याची सकाळ होईल,” काका म्हणाले.

“अहो, कोण बघत बसणार आहे?” बाबा म्हणाले.

“आत्ता मी नाही का बघितला?”

“मला थांबता यायचं नाही हो. देताय, की जाऊ?” गृहस्थांनी विचारलं. आईने लेकीकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

मित्रांनो, मला पुसलं तर तिची लहानपणीची वेडीवाकडी चित्रंही माझ्यातून जातील. वाईट वाटतंच. तरी सांगते, कुणी भरवशाने दिलेलं आपल्याजवळ असेल, तर ते सांभाळा. सांभाळणं जमत नसेल, तर पूर्ण पुसा, आणि त्याला लागेल तेवढा वेळ द्या.

तिने एकदा दाराकडे पाहिलं. मैत्रिणींचं हसू केव्हाच थांबलं होतं. मग ती वळली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “आई, बाबा, आज हा विकायचा नाही. लॅपटॉप राहू दे. काका, लावा पुसायला!”