बदकांसाठी लावलेली फळी

नोलीनच्या घरामागचं तळं काही शोभेसाठी खोदलेलं नव्हतं. टेकडीवरच्या वसाहतीचं पावसाचं पाणी त्यात अडायचं आणि बांधातल्या भोकातून हळूहळू ओढ्यात उतरायचं, म्हणून खालच्या गल्लीतली घरं बुडत नसत. एरवी ते रिकामं, चिखलाचं आणि वासाचं. अशा तळ्याकडे तोंड करून संध्याकाळची बिअर कोण पिणार? त्यात यंदा बदकांची पिल्लं चिखलात रुतायला लागली. मग एका रविवारी नोलीननं जाड फळी आणली आणि त्या भोकावर बोल्टांनी आवळून बसवली. तळं तुडुंब भरलं, शेजाऱ्यांनी तिची पाठ थोपटली.

आता ती त्याच तळ्याकडे बघत उभी होती. ब्रिस्बेनच्या पश्चिमेला सकाळपासून आभाळ फाटलं होतं, आणि तळ्यात नवं पाणी घ्यायला जागाच नव्हती. बांधावरून ते खाली सांडायला लागलं होतं. पहार घेऊन ती तिथवर जाऊनही आली. भोकाच्या वरून पाणी असं उसळत होतं की पाय टाकला असता तर गेलीच असती. आणि फळी निघाली असती तरी साठलेलं सगळं पाणी एकदम वडिलांच्या दारात गेलं असतं. फळी काढायची वेळ कालच टळून गेली होती.

वडील, क्लॅरी, खालच्या गल्लीत एकटे राहायचे. ऐंशी ओलांडलेली, खुब्याचा सांधा बदललेला, त्यामुळे टेकडी चढून तळं बघायला येणं बंद, जीभ मात्र अजून धारदार. मागच्या पुरात खिडकीपर्यंत पाणी आलं, तेव्हापासून कौन्सिलच्या दारात ठाण मांडून हे तळं त्यांनीच खोदवून घेतलं होतं. पोट रिकामं असलं तरच तळं पाऊस गिळतं, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. मुलीनं मात्र ते कधी कानावर घेतलं नव्हतं.

तिनं फोन करून त्यांना निघायला सांगितलं. ते हसले. गल्लीतले लोक सकाळी गाड्यांत सामान भरत होते म्हणे, आणि यांनीच दारोदार फिरून सगळ्यांना पुन्हा घरात बसवलं होतं.

"तळं आहे ना वर. पाणी पायरीला लागेल नि ओसरेल. तू चहा पी नि गप्प बस."

तिनं रेडिओवरचे इशारे सांगितले, त्यांच्या खुब्याची आठवण दिली, शेवटी रडलीही. म्हातारा हलेना. एकच गोष्ट त्याला हलवणार होती, आणि ती सांगायला तिचं तोंड उघडत नव्हतं. पुराची भीती जास्त की बापाची, तिचं तिलाच कळेना. तेवढ्यात बांधाचा एक कोपरा खचला.

"डॅड, तळं रिकामं नव्हतं. मी भोकावर फळी मारलीय. बदकांसाठी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"शेजारच्या मेरेआनीचं बाळ घरात आहे," एवढंच ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

त्यांनी तिथून निघावं म्हणून नोलीननं फोन केला होता, आणि आता ते सगळ्यांना बाहेर काढायला पाण्यात उतरणार होते. गाडी टेकडीच्या पायथ्याशी टाकून ती धावली. गल्लीत गुडघाभर तपकिरी पाणी होतं, त्यातून कचऱ्याचे डबे वाहत चालले होते. क्लॅरी तिसऱ्या घरापाशी कुंपणाला धरून काठीनं दार बडवत होते. माझं चुकलं, टेकडीवर चला, असं सांगत होते. मुलीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

तिनं त्यांचा दंड धरला. त्यांनी तो झटकला.

"मला धरू नकोस. गल्लीची ती बाजू तुझी. पळ."

समोरचं दार मेरेआनीनं उघडलं. कडेवर बाळ, मागे गाडीतून परत आणलेलं सामान.

"क्लॅरी तर म्हणाले होते, तळं सांभाळेल."

"सांभाळलं असतं," नोलीन म्हणाली. "मी ते भरून ठेवलं होतं. बाळ माझ्याकडे दे."

मेरेआनीनं बाळ दिलं नाही. ते छातीशी घट्ट धरून ती स्वतःच पाण्यात उतरली, आणि नोलीन पुढच्या दाराकडे वळली.