भिंतीवरचा ठिपका

साल बासष्ट असेल. अमरावतीला डिप्लोमा करून मी अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, सुपरवायझर म्हणून लागलो. रऊफभाई तिथले फिटर. त्या हंगामात मोठ्या शाफ्टचं बेअरिंग सारखं तापायचं. शाफ्ट कुठंतरी वाकला होता, पण डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

उजेडाच्या किरणानं मोजमाप करायचा एक प्रयोग मी शिकताना पाहिला होता. तो सांगितला तसे रऊफभाई घरी गेले आणि बिल्कीसभाभींकडून आरशाचा तुकडा मागून घेऊन आले. त्यांनी तो हलक्या पट्टीवर चिकटवला आणि पट्टीचं एक टोक स्टुलावर आणि दुसरं शाफ्टवर टेकवलं. मी आरशावर टॉर्चचा झोत धरला. त्यांनी हातानं शाफ्ट फिरवला. वाकलेल्या जागी पट्टी केसभर उचलली गेली आणि समोरच्या भिंतीवरचा उजेडाचा ठिपका वीतभर सरकला.

"धर्मपालभाऊ, हे तं भिंतच बोलून राहिली!" रऊफभाई ओरडले.

ठिपका जागचा हलेनासा होईपर्यंत त्यांनी शाफ्ट सरळ केला. मग यंत्र चालू झालं. बऱ्याच वेळानं त्यांनी बेअरिंगवर तळहात ठेवला. "थंड हाय," म्हणाले आणि तेलकट हातांनीच मला मिठी मारली.

पुढं माझी बदली झाली. पुष्कळ वर्षांनी आमच्या कारखान्यात शाफ्टचा वाक लेसरनं मोजणारं यंत्र आलं, तेव्हा मी मुद्दाम अकोल्याला जाऊन त्यांना त्याबद्दल सांगितलं. म्हातारे रऊफभाई मन लावून ऐकत होते.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पण तवा ते असतं, तं आपली दोस्ती कायले झाली असती?"