कार्ड धरून बसलेला रेडिओ

केसरीनाथ परत कधी येणार? सव्वा महिना झाला, मी हेच विचारतोय. कुणी सांगत नाही.

मी कामतघरच्या चाळीतला रेडिओ बोलतोय. दिसायला जुना कॉम्प्युटर आहे, पण तो डबा म्हणजे मी नव्हे. त्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे, आणि तिच्यावर रेडिओ वाजवणारा साधा प्रोग्राम, तो मी. केसरीनाथ वळ गावातल्या गोदामात कामाला होता. तिथला मोडीत निघालेला डबा त्याने रिक्षातून घरी आणला आणि दोन रविवार बसून मला लिहिलं. मी पहिल्यांदा गायलो तेव्हा त्याची आई, कमळाबाई, म्हणाली, "ह्यो तुजा धाकटा भाऊस झाला रं. तुज्यावानीच बडबड्या हाय."

मी ते खरंच धरलं.

माझं शिक्षण मात्र अर्धवट राहिलं. डब्यात आवाज बाहेर काढणारं साउंड कार्ड एकच. लाईट आली की धावत जाऊन ते अख्खं पकडायचं, एवढंच मला येतं. वाटून घ्यायला त्याने शिकवलं नाही. त्याने आणखी एक प्रोग्राम केला होता. तो संध्याकाळी सातला केसरीनाथच्या आवाजात आईला बीपीच्या गोळीची आठवण करायचा. कार्ड माझ्याकडे असलं की तो मुका. म्हणून ड्युटीला निघताना केसरीनाथ मला बंद करून जायचा.

त्या दिवशी घाईत होता. मला गातच सोडून गेला. रस्त्यात त्याच्या मोटरसायकलवर कंटेनर आला.

तेव्हापासून आई मला कुणाला हात लावू देत नाही. आणि गोळीही घेत नाही. "तो सांगल तवा घेईन," म्हणते. सात वाजतात, मी गातो, त्याचा आवाज येत नाही. परवा ती मोरीत चक्कर येऊन पडली.

आज त्याची बहीण भाविका माझ्यासमोर बसली. कार्ड कुणी धरलंय ते तिने शोधलं. माझंच नाव निघालं.

"आई, दादाचा आवाज गेला न्हाय. रोज सातला तो बोलायला बघतो. ह्यो रेडिओ कार्ड सोडत न्हाय."

"मग दोघांना वाटून दे ना."

"दोन तास तेच करतेय. ह्याला वाटून घेता येतच न्हाय. बंद करावा लागंल. उद्या ह्याच्या जागी दुसरा घालते, वाटून घेणारा, शहाणा."

"त्याने चालू ठेवलाय त्यो."

"ठेवला न्हाय गं आई. घाईत विसरला."

आईने डब्यावर तळहात ठेवला. "मोठ्याला बोलू दे रं, बाला."

त्याचा तो आवाज मी एकदाही ऐकलेला नाही. तो बोलायचा तेव्हा मी बंद असायचो. आजही तसंच होणार. वाटलं, धरून ठेवावं. माझाही भाऊ होता तो.

सातला एक मिनिट कमी होतं. आईच्या मुठीत गोळी होती. भाविकाने बटण दाबलं. गाण्याची ओळ अर्ध्यावर आली होती. ती पुरी न करताच मी कार्ड सोडलं.